सेलिअ‍ॅकचे निदान झाल्यावर : मराठी स्वयंपाकघरासाठी मार्गदर्शक

पोटविकारतज्ज्ञ ‘यापुढे आयुष्यभर गहू बंद’ असे सांगतात, तेव्हा घरात सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न ‘मग आता खायचे काय?’ हा असतो. महाराष्ट्रात आणि गोव्यात या प्रश्नाचे उत्तर पंजाब-हरियाणापेक्षा बरेच सोपे आहे, कारण ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची धान्ये असून त्यांपैकी एकातही सेलिअ‍ॅकच्या रुग्णाला घातक असे ग्लूटेन नाही. अवघड असतो तो दुसरा प्रश्न, जो पहिले काही महिने बहुतेक घरांत कुणी विचारतच नाही. ही ज्वारी कोणत्या गिरणीत दळली, भाकरी कोणत्या परातीत मळली आणि आमटीच्या फोडणीत पडलेल्या हिंगात काय होते, हा तो प्रश्न. पोळी सोडूनही ज्यांची तब्येत सुधारत नाही, अशा अनेकांचे उत्तर तिथेच सापडते, म्हणून या लेखाचा मोठा भाग मी त्यालाच दिला आहे.

आजार नेमका काय आहे

गहू, जव आणि राय (गव्हासारखे एक परदेशी धान्य, मोहरी म्हणजे राई नव्हे) या धान्यांतील काही प्रथिनांना मिळून ग्लूटेन म्हणतात. सेलिअ‍ॅक असलेल्या व्यक्तीच्या पोटात ही प्रथिने गेली की तिची स्वतःची रोगप्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. या अस्तरावर टॉवेलच्या सुतासारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात आणि अन्नातील लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे त्यांच्यामार्फतच रक्तात शोषली जातात. हे उंचवटे झिजून सपाट झाले की माणूस पोटभर जेवूनही कुपोषित राहतो. म्हणूनच या आजाराची लक्षणे केवळ जुलाब आणि पोटफुगी एवढीच नसतात. लोहाच्या गोळ्या घेऊनही न वाढणारे हिमोग्लोबिन, मुलाची खुंटलेली उंची, तोंडात वारंवार येणारे व्रण, कमी वयात ठिसूळ झालेली हाडे, पुन्हा पुन्हा होणारे गर्भपात, कोपर आणि गुडघ्यांवर उठणारे अतिशय खाजरे फोड, यांपैकी एखादेच लक्षण घेऊनही हा आजार समोर येऊ शकतो.

उत्तर भारतातील पाहण्यांत साधारण शंभरात एका व्यक्तीला हा आजार आढळला आहे, तर दक्षिणेत त्याचे प्रमाण बरेच कमी दिसते. आनुवंशिक प्रवृत्ती असल्याशिवाय तो होत नाही, मात्र ती प्रवृत्ती असलेल्या बहुसंख्य लोकांना तो कधीच होत नाही. ग्लूटेन पूर्णपणे आणि कायमचे टाळणे हाच आज त्यावरचा सिद्ध झालेला उपचार आहे. गव्हाचा या आजाराशी असलेला संबंध नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिला आणि १९५० मध्ये त्यावर प्रबंध सादर केला. त्याआधी अशा मुलांना केळ्यांवर ठेवण्यासारखे अंदाजाचे उपाय केले जात.

गव्हाची अ‍ॅलर्जी हा वेगळा विकार आहे. त्यात गहू खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांध उठणे, ओठ सुजणे, श्वास लागणे असे होते आणि जव चालू शकते. तिसरा प्रकार असा की तपासण्या सेलिअ‍ॅक नाही असे सांगतात, तरी गहू खाल्ला की पोट बिघडते. त्यामागे ग्लूटेन असेलच असे नाही, कारण गव्हातील फ्रुक्टान नावाच्या कर्बोदकांनीही पोट फुगते आणि तीच कर्बोदके कांद्या-लसणातही असतात. या तिन्हींचे पथ्य सारखे नसते, म्हणून निदान नेमके होणे आवश्यक आहे.

पहिली पायरी : तपासणी पूर्ण होईपर्यंत गहू सोडू नका

संशय आला की लोक आधी गहू बंद करतात, थोडे बरे वाटते आणि मग महिन्या-दोन महिन्यांनी तपासणीला जातात. तोवर रक्तातील प्रतिपिंडे (रोगप्रतिकारशक्तीने तयार केलेली प्रथिने) उतरणीला लागलेली असतात, आतड्याचे अस्तर भरून येऊ लागलेले असते आणि अहवाल खोटा दिलासा देतो. मग डॉक्टरांना काही आठवडे पुन्हा गहू खायला सांगून तपासणी करावी लागते, आणि तो काळ रुग्णाला फार त्रासाचा जातो. म्हणून रोजचा आहार चालू ठेवूनच रक्त द्यावे.

पहिली तपासणी टीटीजी-आयजीए ही, म्हणजे या आजारात रक्तात वाढणारे आयजीए प्रकारचे प्रतिपिंड मोजणारी असते आणि तिच्यासोबत एकूण आयजीएची पातळीही मोजून घ्यावी, कारण ज्यांच्या शरीरात आयजीएच कमी तयार होते त्यांची टीटीजी तपासणी आजार असूनही सामान्य येऊ शकते. प्रौढांमध्ये निदान पक्के करण्यासाठी एंडोस्कोपी करून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून अनेक ठिकाणचे नमुने घेतात, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. लहान मुलांमध्ये टीटीजी सामान्य मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असेल आणि दुसऱ्या वेळी घेतलेल्या रक्तात ईएमए हे प्रतिपिंडही आढळले, तर एंडोस्कोपी न करता निदान करण्याची पद्धत आता मान्य झाली आहे. तो निर्णय बालपोटविकारतज्ज्ञांचा.

घरात एकाचे निदान झाले की आई-वडील, भावंडे आणि मुले यांनीही रक्ततपासणी करून घ्यावी, मग त्यांना काही त्रास असो वा नसो. रक्ताच्या जवळच्या नात्यात हा आजार असण्याची शक्यता साधारण दहात एक एवढी मानली जाते. संपूर्ण घराने एकदम गहू सोडायचे ठरवले असेल, तर या तपासण्या त्याआधी उरकाव्यात.

दुसरी पायरी : ‘थोडेसे’ म्हणजे किती हे समजून घ्या

बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन सहन होते, तर रोज ५० मिलिग्रॅम काही महिने पोटात जात राहिले तर आतड्याची झीज होते, असे अभ्यासांतून दिसले आहे. आता हा आकडा आपल्या कणकेला लावून पाहू. गव्हाच्या पिठात ढोबळमानाने दहा टक्क्यांच्या आसपास ग्लूटेन असते. म्हणजे १० मिलिग्रॅमची मर्यादा गाठायला १०० मिलिग्रॅम कणीक पुरते, आणि एवढी कणीक चिमटीत धरली तरी जेमतेम दिसते. पोळी लाटताना ओट्यावर उडालेली पिठी एवढी असते. ‘एक घास खाल्ल्याने काय होते’, ‘सणाच्या दिवशी चालते’ या प्रेमाने बोललेल्या वाक्यांना घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर हाच हिशेब मांडून उत्तर द्यावे. एका पोळीत काही ग्रॅम, म्हणजे त्या मर्यादेच्या शेकडो पट ग्लूटेन असते. शिवाय खाल्ल्यावर त्रास झाला नाही म्हणजे इजा झाली नाही असे समजू नये. अनेक रुग्णांना काहीही न जाणवता झीज होत राहते.

तिसरी पायरी : डबे उघडा आणि दोन ढीग करा

एखादा रिकामा दुपार-संध्याकाळचा वेळ काढून स्वयंपाकघरातला प्रत्येक डबा उघडून पाहावा. निःसंशय बाजूला काढायचे ते म्हणजे कणीक, मैदा, रवा, दलिया, शेवया, पाव, बिस्किटे, टोस्ट, खारी, नूडल्स आणि पास्ता. याच ढिगात खपली गहूही जातो. सातारा-सांगली-कोल्हापूरकडचा हा जुना गहू मधुमेहींना बरा म्हणून हल्ली आवर्जून विकला जातो आणि ‘हा देशी आहे, याने त्रास होत नाही’ असे दुकानदार ठामपणे सांगतात. तो गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे आणि सेलिअ‍ॅकच्या रुग्णाला तो वर्ज्य आहे. बन्सी, सिहोर, लोकवन हेही तसेच.

यापेक्षा अधिक सावधपणे पाहावे लागतात ते आपले मिश्र पिठांचे पदार्थ. थालिपिठाच्या भाजणीत बहुतेक घरांत गहू असतो. मेतकुटात डाळी-तांदळांबरोबर मूठभर गहू भाजून घालण्याची रीत सर्वदूर आहे, आणि आजारी माणसाला म्हणून मऊ भातावर नेमके तेच वाढले जाते. मालवणी वड्यांच्या पिठातही गहू घालतात. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतेच. कुरडई गव्हाच्या चिकाची असते. डिंकाच्या आणि मेथीच्या लाडवांत कणीक भाजून घालतात, बेसनाच्या लाडवांत काही घरी रवा मिसळतात. चकलीची भाजणी बहुधा तांदूळ आणि डाळींची असते, तरी विकतच्या चकलीत मैदा असू शकतो.

दुसरा ढीग दिलासा देणारा आहे आणि तो लहान नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, पोहे, मुरमुरे, वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, मका, सगळ्या डाळी आणि कडधान्ये, सगळ्या भाज्या-फळे, दूध-दही-तूप, अंडी, मासे, मटण, शेंगदाणे, खोबरे, गूळ हे सर्व मुळात ग्लूटेनमुक्त आहे. उकडीचे मोदक, घावणे, शिरवाळे, कळण्याची भाकरी, पिठले, झुणका, अनारसे, ज्वारीचा हुरडा यांपैकी कशालाही पर्याय शोधावा लागत नाही. उपवासाचे जवळजवळ सगळे पदार्थ चालतात. ओट्स मात्र पहिल्या वर्षी तरी आणू नयेत, कारण बाजारातील बहुतेक ओट्समध्ये गव्हाची किंवा जवाची सरमिसळ असते आणि थोड्या रुग्णांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत.

चौथी पायरी : दळण

माझ्या मते सगळ्या पथ्याचा कणा हाच आहे. गल्लीतल्या गिरणीत दिवसभर बहुतांशी गहूच दळला जातो. तुमचा ज्वारीचा डबा रांगेत येतो तेव्हा आधीच्या गव्हाचे पीठ दगडांच्या खाचांत, खाली उतरणाऱ्या मार्गात आणि पीठ गोळा होणाऱ्या कापडी पिशवीच्या आत चिकटून बसलेले असते. ‘पहिले मूठभर पीठ बाजूला काढतो’ असे गिरणीवाले दादा आपुलकीने म्हणतात, पण त्याने चक्की स्वच्छ होत नाही. पिठाचा जो धुरळा सगळ्या गिरणीभर उडत असतो, तो तुमच्या उघड्या डब्यातही बसतो. वर केलेला १०० मिलिग्रॅमचा हिशेब लक्षात ठेवला, तर अशा गिरणीतून आलेली ज्वारी ग्लूटेनमुक्त म्हणता येणार नाही हे उघड आहे.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे घरघंटी, आणि तीही नवी घ्यावी. जुनी, गहू दळलेली घरघंटी कितीही झाडली तरी तिच्या आतल्या जाळ्या आणि फटी निर्धोक होत नाहीत. नव्या घरघंटीत घरातल्या इतरांचे गहू एकदाही दळायचे नाहीत, हा नियम पहिल्या दिवशीच सर्वांना सांगून ठेवावा. घरघंटी घेणे लगेच शक्य नसेल, तर ज्यावर ग्लूटेनमुक्त असे स्पष्ट छापले आहे असे तयार पीठ आणावे, किंवा धान्य धुऊन, कडक वाळवून मिक्सरमध्ये वेगळ्या भांड्यात थोडे थोडे दळून चाळून घ्यावे. मिक्सरमधले पीठ थोडे जाडसर राहते, पण तांदळाची आंबोळी, घावणे, धिरडी यांना ते चालते. आंबोळी-डोशासाठी तर पीठ दळायचीच गरज नाही, धान्य भिजवून वाटले की काम होते. पहिल्या आठवड्यात घरची घडी बसेपर्यंत हाच मार्ग सर्वांत सोपा जातो.

दळणाआधी निवडणे आलेच. किराणा दुकानात ज्वारी आणि गहू शेजारशेजारच्या पोत्यांत असतात आणि एकाच मापाने दोन्ही काढतात. त्यामुळे ज्वारीत गव्हाचे दाणे हमखास सापडतात. ज्वारी गोल आणि गहू लांबट, मधे चीर असलेला, म्हणून पसाभर ज्वारी स्टीलच्या ताटात पसरली की गहू लगेच नजरेस येतो. तांदळात आणि अख्ख्या मसुरात तो शोधायला जरा जास्त वेळ लागतो, धन्यातही तो सापडतो. निवडून झाल्यावर धान्य दोन-तीन पाण्यांतून धुवावे आणि वाळवावे, म्हणजे दाण्यांवर बसलेला पिठाचा थरही निघून जातो. बेसनासाठी हरभऱ्याची डाळ आणून अशीच निवडून घरी दळावी.

ज्या घरात रोज पोळीच होत होती, तिथे भाकरी पहिल्यांदा तुटते, चिरते आणि करणारी व्यक्ती हताश होते. कणकेला लवचिकपणा ग्लूटेनमुळे येतो. तो ज्वारीत नसल्यामुळे पिठाला धरून ठेवण्याचे काम गरम पाण्याने फुललेल्या पिष्टाकडून करून घ्यावे लागते. म्हणून पीठ कढत पाण्याने भिजवावे किंवा सरळ उकड काढून, थोडी निवल्यावर भरपूर मळावी. दळण आठ-दहा दिवसांपुरतेच करावे, कारण पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि मग कितीही मळले तरी भाकरी थापताना तडकते. डब्यात नेण्यासाठी मऊ राहणारी, लाटता येणारी भाकरी हवी असेल तर वाटीभर पिठात चमचाभर इसबगोल घालून दहा मिनिटे झाकून ठेवावे. तांदळाच्या उकडीत थोडी नाचणी मिसळूनही लाटण्याजोगा गोळा होतो.

पाचवी पायरी : हिंग

हिंगाला स्वतंत्र परिच्छेद देण्याचे कारण असे की तो रोज, दोन्ही वेळच्या जेवणात आणि घरातल्या जवळजवळ प्रत्येक भाजी-आमटीत पडतो. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो तसाच क्वचित विकला जातो. बाजारात मिळणारा नेहमीचा हिंग खाण्याचा डिंक आणि पीठ मिसळून बांधलेला असतो आणि ते पीठ फार वेळा गव्हाचे असते. डबीच्या मागच्या बाजूला घटकांत तसे लिहिलेलेही असते, पण आजवर कुणी ती डबी उलटून वाचलेली नसते. तांदळाच्या पिठात बांधलेला, ग्लूटेनमुक्त असे छापलेला हिंग आता मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन सहज मिळतो. तो सापडेपर्यंत जिरे-लसणाची फोडणी द्यावी.

हिंगाचा माग काढत गेलात की पुढची यादी आपोआप तयार होते. लोणच्याचा मसाला, उडदाचे आणि पोह्याचे पापड, शेव, फरसाण, विकतचा चिवडा, सांबार मसाला, पाचक गोळ्या, जलजिरा या सर्वांत हिंग असतो. म्हणून ‘पापड उडदाचा आहे, त्यात गहू कुठून येणार’ हे उत्तर पुरेसे नसते. या वर्षीचे लोणचे घरी नवा हिंग वापरून घालावे आणि त्याची बरणी वेगळी ठेवावी.

सहावी पायरी : भांडी आणि ओटा

सगळ्या घराने गहू सोडावा की नाही हा ज्या त्या कुटुंबाचा निर्णय आहे. एकत्र कुटुंबात ते बहुधा शक्य होत नाही, आणि व्यवस्था नीट लावली तर त्याची गरजही पडत नाही. रुग्णासाठी स्वतंत्र असाव्यात त्या वस्तू थोड्या आहेत. लाकडी पोळपाट-लाटणे, कारण लाकडाच्या भेगांत कणीक शिरते. चाळण्या, कारण त्यांच्या जाळीतून पीठ पूर्णपणे कधीच निघत नाही. भाकरीचा तवा, सोऱ्या, लाकडी उलथने, शिवाय फडकी आणि स्पंज. सोऱ्याच्या जाळीत गेल्या उन्हाळ्यातल्या कुरडईचा चीक वाळून बसलेला असू शकतो, म्हणून त्याच सोऱ्याने चकली पाडू नये. स्टीलची परात, कुकर, पातेली, ताट-वाट्या साबणाने नीट घासल्या की सर्वांना सामाईक चालतात.

स्वयंपाकाचा क्रम ठरवून घ्यावा. स्वच्छ पुसलेल्या ओट्यावर रुग्णाची भाकरी आधी करून झाकून ठेवायची आणि मग पोळ्या लाटायच्या. स्वयंपाकाला मावशी येत असतील तर त्यांना नुसती यादी न देता कारणही समजावून सांगावे. एकदा कारण पटले की त्या घरच्यांपेक्षा काटेकोर राहतात, असा माझा अनुभव आहे. पुरी किंवा शंकरपाळे तळलेल्या तेलात साबुदाणावडे तळू नयेत. लोणी, जाम, चटणी यांच्या बरण्यांत पोळीचे किंवा पावाचे कण लागलेला चमचा जातो, म्हणून रुग्णाच्या बरण्यांवर ठळक खूण करावी आणि त्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवाव्यात, म्हणजे वरून काही सांडण्याची भीती राहत नाही.

सातवी पायरी : पाकिटावरचा मजकूर

भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार ‘ग्लूटेन-फ्री’ असे लिहिलेल्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये. ‘लो ग्लूटेन’ म्हणजे २० ते १०० मिलिग्रॅम, आणि तो प्रकार आपल्यासाठी नाही. घटकांच्या यादीखाली अ‍ॅलर्जीची सूचना असते. तिथे ‘कंटेन्स व्हीट’ किंवा ‘कंटेन्स ग्लूटेन’ असेल तर प्रश्नच मिटला. ‘मे कंटेन’ असे असेल तरी ती वस्तू ठेवून द्यावी. ‘व्हीट-फ्री’ या शब्दांवर विसंबू नये, कारण गहू नसला तरी जव असू शकते.

यादीत विशेष शोधायचा शब्द म्हणजे माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, बहुधा जव. मुलांना दुधात घालून देतात त्या बऱ्याच पावडरींत जवाचे माल्ट असते, कॉर्नफ्लेक्स मक्याचे असूनही त्यांना माल्टची चव दिलेली असते. बिअर जवाचीच. घरी मोड आणून केलेले नाचणी सत्त्व मात्र निर्धास्त चालते, आणि १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असल्याने हाडांच्या दृष्टीने ते या रुग्णांना फार उपयोगी आहे. सोया सॉस बहुधा गव्हापासून करतात, त्यामुळे चायनीज गाडीवरचा फ्राइड राइस तांदळाचा असूनही वर्ज्य ठरतो. औषधाच्या गोळ्यांतील स्टार्च बहुतेक वेळा मक्याचा असतो, तरीही नवे औषध सुरू करताना औषधविक्रेत्याला किंवा कंपनीला विचारून घ्यावे. आयुर्वेदिक आसवे, चूर्णे आणि काढे यांच्या बाबतीतही हेच. आणि ओळखीची वस्तू असली तरी दर वेळी पाकीट वाचावे, कारण कंपन्या घटक बदलतात.

आठवी पायरी : घराबाहेर

हॉटेलात ‘ग्लूटेन’ हा शब्द वापरण्यापेक्षा ‘गहू, मैदा, रवा आणि हिंग चालत नाही, डॉक्टरांनी बंद केले आहे’ असे सांगितलेले वेटरला आणि आचाऱ्याला लगेच समजते. तांदळाची इडली, साधा भात, कोशिंबीर, सोलकढी, उकडलेली अंडी यांपासून सुरुवात करावी. डोशाच्या तव्यावर रवा डोसाही टाकत असतील तर डोसा सोडावा. बटाटावडा बेसनाचा असला तरी त्याच कढईत समोसा तळलेला असतो. मालवण-गोव्याकडे मासे रव्यात घोळवून तळतात. तांदळाचे पीठ लावून, स्वच्छ तव्यावर द्या असे सांगितले तर छोट्या खाणावळीतल्या ताई ते आनंदाने करून देतात, पण गर्दीच्या वेळी ही अपेक्षा ठेवू नये. प्रवासात राजगिऱ्याची वडी, शेंगदाण्याची चिक्की, फुटाणे, केळी आणि घरची दशमी बरोबर असावी. दशमी अर्थातच ज्वारीची.

लग्नाच्या पंगतीत वरण-भात सुरक्षित वाटतो, पण वरणात हिंग आणि वाढप्याच्या डावाला पुरी-जिलबीचा चुरा असू शकतो. यजमान जवळचे असतील तर आदल्या दिवशी आचाऱ्यांशी बोलून फोडणीआधीचे वरण बाजूला काढून ठेवायला सांगता येते. नाहीतर घरून जेवून जावे आणि पंगतीत निःसंकोच ताक घेऊन बसावे.

प्रसादाचा प्रश्न खूप जणांना मनातून छळतो. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा, देवीच्या नैवेद्याला पुरणपोळी, आणि प्रसाद नाकारणे अनेकांच्या जिवावर येते. प्रसाद दोन्ही हातांत घेऊन, कपाळाला लावून घरातल्या दुसऱ्या कुणाला द्यावा. पंचामृत, फळे, खडीसाखर, नारळ हाही प्रसादच आहे. आपल्या घरी पूजा असेल तर शिंगाड्याच्या पिठाचा किंवा वरईचा शिरा करता येतो. गोव्यातल्या आणि वसईतल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी हा प्रश्न मिस्साच्या वेळच्या कम्युनियनचा असतो, कारण त्यात दिली जाणारी होस्तिया, म्हणजे पातळ चकतीसारखी भाकर, गव्हाचीच असावी लागते. पूर्ण ग्लूटेनविरहित होस्तिया चर्चला मान्य नाही, पण अत्यल्प ग्लूटेन असलेली होस्तिया वापरण्यास किंवा केवळ द्राक्षारसाच्या रूपात कम्युनियन घेण्यास चर्चची मुभा आहे. अत्यल्प म्हणजे नेमके किती हे होस्तियाच्या पाकिटावर पाहून डॉक्टरांना विचारावे आणि मग धर्मगुरूंशी आधी बोलून ठेवावे. द्राक्षारस घेताना ज्यात होस्तियाचा तुकडा टाकलेला नाही असा वेगळा प्याला मागावा.

मुलांच्या बाबतीत वर्गशिक्षिकेला लेखी चिठ्ठी द्यावी, त्यात काय चालत नाही याबरोबरच काय चालते तेही लिहावे. वाढदिवसाच्या दिवशी केक वाटला जाईल तेव्हा देण्यासाठी शिक्षिकांकडे मुलाच्या आवडीचा खाऊ आधीच ठेवावा. बालवाडीत खेळायला देतात तो रंगीत मऊ गोळा बहुतेक वेळा मैद्याचा असतो आणि लहान मुले हात तोंडात घालतात, हेही सांगायला विसरू नये. मूल सात-आठ वर्षांचे झाले की पाकीट वाचायला त्यालाच शिकवावे. ‘बिचारा’ हा शब्द त्याच्यासमोर कुणी उच्चारू नये, पाहुण्यांनीही नाही.

पुढची दोन वर्षे

पथ्य सुरू झाल्यावर साधारण सहा महिन्यांनी, मग वर्षाने आणि त्यानंतर दरवर्षी टीटीजी तपासावे. ते हळूहळू उतरते, वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो. त्याबरोबर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), बी-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड यांची तपासणी होते, प्रौढांमध्ये हाडांची घनताही पाहतात. मुलांचे आतडे लवकर भरून येते, मोठ्यांना दोन वर्षे किंवा अधिक लागू शकतात.

सुरुवातीच्या काळात दूध सोसत नाही असे अनेकांना आढळते. दुधातील लॅक्टोज ही साखर पचवणारे विकर (एन्झाइम) त्याच झिजलेल्या उंचवट्यांच्या टोकांवर तयार होते, त्यामुळे हा त्रास बहुधा तात्पुरता असतो. तोवर दही, ताक घ्यावे आणि काही महिन्यांनी थोड्या दुधाने पुन्हा सुरुवात करून पाहावी. पहिल्या प्रकारचा मधुमेह आणि सेलिअ‍ॅक हे दोन्ही एकाच व्यक्तीत आढळणे विरळा नाही. अशा वेळी साबुदाणा, पोहे आणि पांढरा भात यांवर सारा भार टाकला तर साखर झपाट्याने चढते. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळी आणि पालेभाज्या यांवर जेवण उभारावे आणि इन्सुलिनची मात्रा डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावी, कारण अन्न नीट शोषले जाऊ लागले की गरज बदलते. आतड्याचे शोषण सुधारल्यावर वजन वाढते, तेही अनपेक्षित नसते. विकतची ग्लूटेनमुक्त बिस्किटे आणि केक महाग असतात, शिवाय त्यांत स्टार्च आणि साखर भरपूर असते. त्यांच्यावाचून काही अडत नाही.

चुकून गहू पोटात गेलाच तर भरपूर पाणी प्यावे, एक-दोन दिवस मऊ भात-ताक घ्यावे आणि पथ्य लगेच पुढे चालू ठेवावे. उलट्या किंवा जुलाब थांबत नसतील तर डॉक्टरांना दाखवावे. वर्षभर काटेकोर राहूनही त्रास किंवा टीटीजी कमी होत नसेल, तर आधी छुपे ग्लूटेन शोधावे लागते. त्यासाठी दोन आठवड्यांची खाण्याची वही ठेवावी. त्यात काय खाल्ले एवढेच न लिहिता पीठ कुठे दळले, हिंग कोणता, कोणते औषध, कुठल्या दुकानाचे फरसाण हेही लिहावे, शक्य तिथे पाकिटांचे फोटो जोडावेत आणि ही वही आहारतज्ज्ञ व पोटविकारतज्ज्ञ या दोघांनाही दाखवावी. वहीत काहीच सापडले नाही, तर लॅक्टोज न पचणे, थायरॉइडचा विकार, लहान आतड्यातील जीवाणूंची अतिरिक्त वाढ अशा कारणांची तपासणी करतात, आणि गरज भासल्यास एंडोस्कोपी पुन्हा केली जाते.